सोडवलेल्या गाढविणीसाठी योग्य डॉक्टर कसा शोधावा?

माळावरची

नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी एक गाढवीण आमच्याकडे आली. ओझी वाहण्याच्या कामातून सोडवलेली. नाव ठेवलंय बकुळा. पुढच्या दोन्ही पायांना दोरी काचून गोल वळ पडलेत आणि त्या वळांवर पांढरे केस उगवलेत. खूर पुढे वाढून वर वळलेत, त्यामुळे टाचेवर भार टाकत चालते.

अडचण आहे डॉक्टरची. तिघांना विचारून झालं. पहिले फक्त कुत्री-मांजरं बघतात आणि त्यांनी ते सरळ सांगितलं. दुसऱ्या गाई-म्हशींच्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, "मी येईन, पण गाढवं फार हाताळलेली नाहीत." म्हणून मी त्यांना बोलावलंच नाही. तिसरे घोड्यांचे, मोठ्या अनुभवाचे. परवा बकुळाने सकाळपासून चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं, भिंतीकडे तोंड करून उभी होती. थर्मामीटरवर ३८.३ अंश सेल्सिअस आलं. ते म्हणाले ताप नाही, गाढव आहे, उद्या खाईल. मी रात्रभर तिच्याजवळ बसले. पहाटे थोडं काड खाल्लं, पण अर्धं तोंडातून खाली पडलं. लाळेने भिजलेले ओले बोळे गव्हाणीखाली पडलेले असतात, रोजच.

डॉक्टर गाढवाचा जाणकार आहे की नाही हे कशावरून ओळखायचं? आणि खुरांसाठी कोणाला गाठू?

दोन गाढवांची आई

ताई, आधी तातडीचं. ३८.३ हा गाढवाच्या अंगातला ताप आहे. घोड्याला ३८.५ पर्यंत चालून जातं, मोठ्या गाढवाचं तापमान ३६.५ ते ३७.८ च्या आत असतं. डॉक्टर घोड्याच्या मापाने बघत होते, एवढंच.

दुसरं म्हणजे, गाढव न खाणं ही "उद्या बघू" अशी गोष्ट नाही. उपाशी राहिलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत आणि मूत्रपिंडं निकामी होतात आणि जनावर हातचं जातं. लठ्ठ, गाभण किंवा नुकतीच जागा बदललेली गाढवं यात लवकर सापडतात. माझी थोरली अशीच गेली. दीड दिवस ती नुसती "शांत" होती आणि मी त्याला स्वभाव समजले. गाढव दुखणं लपवतं. घोडा लोळेल, पाय आपटेल. गाढव फक्त मान खाली घालून उभं राहतं. म्हणून तुम्ही रात्रभर बसलात ते योग्यच केलंत.

ओले बोळे म्हणजे दात. दाढांना टोकं आली की गालाला, जिभेला लागतात आणि चावलेलं गिळता येत नाही. तोंड उघडं ठेवायचा साचा लावून आतपर्यंत बघणाराच डॉक्टर हवा. ओठ वर करून पुढचे दात बघितले म्हणजे तपासणी झाली असं नाही.

आणि तुम्ही ज्यांना बोलावलं नाहीत ना, त्यांनाच बोलवा. "फार हाताळलेली नाहीत" असं स्वतःहून सांगणारी माणसं वाचून, विचारून येतात. मला दहा वर्षांत भेटलेली सगळ्यात चांगली डॉक्टर अशीच होती. एकच प्रश्न विचारा: गाढवाला घोड्यापेक्षा काय वेगळं लागतं? "काही नाही, छोटा घोडाच" असं उत्तर आलं तर पुढे जा.

खुरकाम

खूर एका बैठकीत सरळ करून घेऊ नका. इतके वाढलेले खूर थोडे थोडे उतरवायचे, शक्यतो आधी एक्स-रे काढून, कारण आतलं हाड फिरलेलं असू शकतं. गाढवाचा खूर घोड्यापेक्षा अरुंद आणि उभा असतो. नालबंदाला पहिलं वाक्य हेच सांगा, नाहीतर तो घोड्याच्या कोनात तासेल. नंतर दर सहा ते दहा आठवड्यांनी. ओल्या जमिनीवर बांधू नका. गाढवाचा खूर पाणी धरतो आणि आतून कुजतो.

तोवर रोज एक पाय उचलून मिनिटभर धरा, खाजवा, सोडून द्या. पायाला दोरी बघितलेलं जनावर आहे, तिचा विश्वास पायापासूनच परत मिळवावा लागेल.

जनावरांचा डॉक्टर

मी मोठ्या जनावरांचं काम करतो. आमच्या शिक्षणात गाढव जवळजवळ नसतंच, म्हणून मालकाने विचारलेलं मला आवडतं. माझ्या व्यवसायबंधूंशी बोलताना हे मुद्दे काढा. काही वेदनाशामकं गाढवाच्या शरीरातून घोड्यापेक्षा लवकर बाहेर पडतात, त्यामुळे घोड्याच्या अंतराने दिलेला डोस मधे संपतो. मानेची कातडी जाड असते, शीर सापडायला वेळ लागतो. न खाणाऱ्या गाढवाचं रक्त घेऊन ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, बघायलाच हवं. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, दुधाळ दिसलं तर वाट बघायची नाही.

धनुर्वाताची लस, लिदेची जंत-तपासणी आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. ग्लँडर्स हा घोडा-गाढवांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, म्हणून अहवाल येईपर्यंत तिला दुसऱ्या जनावरांपासून वेगळं ठेवा, पण त्यांना बघू शकेल असं. गाई-कोंबड्यांचं तयार खाद्य चुकूनही घालू नका. त्यात मोनेन्सिन हे खाद्यात मिसळायचं औषध असू शकतं. घोडा-गाढवासाठी ते विष आहे.

ब्रिटनमधली द डाँकी सँक्च्युअरी ही १९६९ सालची संस्था डॉक्टरांसाठी गाढवांच्या उपचारांची माहिती मोफत देते. डॉक्टरांना ती वाचायला सांगण्यात संकोच नको.

माळावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच संध्याकाळी गाई-म्हशींच्या डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या तेव्हा गाढवाच्या तापमान-नाडीचे आकडे वहीत लिहून आणले होते. गुंगीचं इंजेक्शन देऊन, साचा लावून, डोक्याला बॅटरी बांधून दहा मिनिटं आत बघत राहिल्या. मग मलाही वाकायला सांगितलं. वरची मागची दाढ सुरीसारखी बाहेर आलेली आणि गालाच्या आत बोटाच्या पेराएवढी जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या. या तोंडाने ती तीन आठवडे चघळत होती. ताप त्या जखमेचाच असावा, असं त्या म्हणाल्या. टोक घासून काढलं. रक्ताचा रिपोर्ट आज आला, ट्रायग्लिसराइड थोडं वाढलेलं, पण घाबरण्यासारखं नाही. चार दिवसांनी परत तपासणार आहेत. ग्लँडर्सचा अहवाल यायचा आहे.

पोटावर हात फिरवताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, सोनोग्राफी करू या, गाभण वाटते. गाढवीण साधारण बारा महिने वागवते म्हणे. आली तेव्हा किती महिन्यांची होती, कोण सांगणार?

काल रात्री गव्हाणीखाली बॅटरी मारून बघितलं. एकच बोळा होता. डावा पुढचा पायही तिने मला मिनिटभर धरू दिला. उजवा अजून नाही.