गावाच्या आठवणी पुरे, आता सातबारा वाचा

बांधकरी:
आमच्या तालुक्याच्या दिवाळी अंकासाठी कथा निवडायचं काम यंदाही गळ्यात पडलंय. विषय दिला होता 'माती आणि माणसं'. आलेला गठ्ठा वाचून डोकं उठलं. जवळजवळ प्रत्येक कथेत वाडा आहे आणि तो पडायला आलाय. आजी आहे, तिची गोधडी आहे, चुलीवरची भाकरी आहे. शेवटी नायक पुण्याच्या गाडीत बसतो आणि डोळे पुसतो.

असं गाव राहिलंय का कुठे? आमच्याकडे रस्त्यालगतच्या रानाचे प्लॉट पडले. भूसंपादनाचा मोबदला कुणाच्या खात्यात जमा व्हावा यावरून सख्खे भाऊ प्रांताकडे एकमेकांविरुद्ध हरकती घेतात. पाइपलाइन कुणाच्या बांधावरून न्यायची, यापायी दोन घरांचं बोलणं बंद आहे. यातलं एक अक्षर कथांमध्ये नाही.

जमिनीवर लिहिताय ना, मग आधी सातबारा वाचा. चेष्टा नाही. जुना, हाताने लिहिलेला काढा. 'इतर हक्क' बघा: कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतला चार आणे हिस्सा. बाराच्या बाजूला पिकं: बाजरी, मटकी, परत बाजरी. मग विहीर पाडली की एकदम ऊस, ऊस, ऊस. आणि अलीकडे 'पड'. जागोजागी वर्तुळात फेरफाराचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, नंबर असतात. तेवढे फेरफार काढलेत की कोण वारलं, कुणी कुणाला विकलं, कितीला विकलं, सगळं बाहेर येतं. अख्खी कादंबरी तिथे पडलीय आणि लोक गोधडीवर लिहितायत.

मराठीत हे झालंच नाही असंही नाही. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'त (1991) धरणाखाली जाणारं गाव आहे तशा कचेऱ्याही आहेत. लेखक स्वतः सरकारी अधिकारी, त्याला कागद कसा फिरतो ते ठाऊक होतं. ते पुस्तक टिकलं ते त्यामुळे, असं माझं मत.

तर प्रस्ताव असा: पुढची काही वर्षं आठवणींवर बंदी. बोला.

शिवसागर:
बंदीला विरोध. माझ्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. आमचा सातबारा काढून वाचू म्हणता, त्यात काय सापडणार? मालक सरकार आणि वर पाणी. घरं फुटली, कुणी सांगलीकडं, कुणी रायगडात, कुणी ठाण्याला. एका भावकीचे तीन जिल्हे झाले. पर्यायी जमिनीसाठी अजून मोर्चे निघतात आणि त्यात चालणाऱ्या पोरांनी मूळ गाव डोळ्यानं बघितलेलं नाही.

आमची आत्या पारापासून सुरू करते आणि ओळीनं घरं सांगत जाते. कुणाच्या दारात चिंच, कुणाची म्हैस मारकी, कुणाच्या गोठ्यामागनं नदीला उतरायची वाट. ती ऐकता ऐकता आमच्या लक्षात आलं, की दोन घरं सरकारी यादीत धरलीच नव्हती. हे मी कथेत घातलं तर तुम्ही म्हणणार, आली परत म्हैस आणि चिंच!

तिखटमीठ:
शिवसागर, +१. गोधडीवर मात्र बंदी आणाच.

हडसनकाठ:
लांब राहणाऱ्यांचं ते सगळं खोटं, हा धाग्यातला सूर खटकला. (हो, मी न्यू जर्सीत असतो. घाला शिव्या.) श्री. ना. पेंडसे दापोलीकडची माणसं लिहीत होते आणि नोकरी करत होते मुंबईत, 'बेस्ट'मध्ये. व्यंकटेश माडगूळकरांची कितीतरी वर्षं पुण्याच्या आकाशवाणीत गेली, म्हणून माणदेश सुटला का त्यांचा? उलट गावात राहणाऱ्याला रोजची पाइपलाइनची भांडणं सोडून लिहायला सवड तरी कुठे मिळते?

बांधकरी:
माडगूळकरांचं नाव काढलंत म्हणून सांगतो. 'बनगरवाडी'त दुष्काळ पडतो आणि अख्खी वाडी उठून जाते. लेखक तिथे उसासे टाकत बसत नाही, मेंढरं आणि माणसं कशी गेली ते सांगतो. तुम्ही कुठूनही लिहा हो, माझी हरकत नाही. आमच्या गठ्ठ्यातले लेखक गावाकडे तोंड करून स्वतःकडेच बघतात, तिथे माझं बिनसतं.

वेशीबाहेर:
दोन्ही बाजू वाचल्या. सातबारा म्हणजे काय देवाघरचा कागद आहे का?

आमच्याकडं महारवतनाची, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळालेली जमीन. 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं खालसा झाली, जमीन रक्कम भरून परत मिळाली, नवीन शर्तीवर, म्हणजे परवानगीशिवाय विकायची नाही. कागद एकदम झकास, आजोबांचं नाव ठळक. रान कसत होता दुसराच, कधीतरीच्या उसनवारीच्या बदल्यात. आता तुमचा लेखक हा कागद वाचून काय लिहील? आजोबा शेतकरी होते. आजोबा ऊसतोडीला जायचे, साहेब. हे घरात बोललेल्यातनंच कळतं.

आणि वाड्याच्या आठवणी आमच्याकडंही आहेत. आमची आजी वाड्याच्या मागच्या दाराला उभी राहायची. भाकरी वरनं पदरात टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. ही आठवण तुमच्या गठ्ठ्यात आली का? आली नसेल, तर दोष आठवणींना देऊ नका. कुणाकडनं कथा मागवता ते बघा. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधलं (1960) कौतिकचं घर शिंप्याचं, हातावर पोट. त्याच्याशिवाय वऱ्हाड पुरा होतो का?

वऱ्हाडी_ठेचा:
काहून भाऊ, 'धग'चं नाव घेतलं अन् भाषेचं कोनी बोल्लंच नाई! आजकालच्या कथेत मानसं वऱ्हाडीत बोलते अन् लेखक मंधातच पुन्याचा होऊन सांगते. बांधकरी भाऊ, तुमच्या गठ्ठ्यात सांगनाराच बोलीत सांगते अशी कथा किती?

बांधकरी:
एकही नाही. पण तो वेगळा धागा होईल, इथे नको.

तिसरी_वारसदार:
बांधकरी, तुम्ही फेरफार वाचा म्हणालात. वाचलाय. वडील गेल्यानंतरचा. एका नोंदीत मयताचे वारस म्हणून आई, दोन भाऊ आणि आम्ही तिघी बहिणी. पुढच्या नोंदीत आम्ही तिघी गायब. 'स्वखुशीने हक्क सोडला.'

त्या दिवशी दुय्यम निबंधकाकडे सगळे एकाच गाडीतून गेलो. भावाने साड्या घेऊन ठेवल्या होत्या. अंगठे, फोटो झाले, बाहेर उसाचा रस प्यायलो. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, दस्त लिहिणाऱ्याला तर नक्कीच. आमची स्वखुशी एवढीच, की सही केली नसती तर दिवाळीला माहेर बंद झालं असतं. थोरलीने वाट्याचा विषय काढून बघितला होता. वहिनी तिच्याशी महिनाभर बोलल्या नव्हत्या. हे सातबाराच्या कुठल्या रकान्यात घालतात?

बायकांच्या आठवणींना भाबडं म्हणण्याआधी जात्यावरच्या ओव्या ऐका. ओव्यांचे अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामातून गोळा झालेल्या ओव्याच लाखाच्या वर आहेत. गाणाऱ्या कितीजणींच्या नावावर गुंठाभर तरी जमीन असेल? तरी भावाचं शेत, बापाची विहीर, सासरचा उंबरा, सगळं त्यात येतं. भावाचं कौतुक करून करून बाई माहेरची वाट चालू ठेवते, हे न कळणाऱ्यांना ते गोग्गोड वाटतं. आणि बहिणाबाईंना तर अक्षरओळख नव्हती. सोपानदेवांनी गाणी राखली म्हणून त्या गेल्यावर, 1952 साली, ती पुस्तकात आली. तुम्ही त्यांना आधी तलाठ्याकडे पिटाळलं असतंत.

हडसनकाठ:
या प्रतिसादानंतर माझं माडगूळकर-पेंडसे फारच पुस्तकी वाटायला लागलं. वाचतोय.

बांधकरी:
तिसरी_वारसदार, साडी, रस आणि दस्त हेच तर मी मागतोय की! आमच्या गठ्ठ्यात बहीण असते, ती भाऊबीजेला येते, ओवाळते आणि जाते. सहीला आलेली बहीण एकानेही पाठवलेली नाही. ज्या आठवणीत कुणाचं काही जात नाही, कुणी कुणाला फसवत नाही, तिचा मला कंटाळा आलाय. तेव्हा तुम्ही लिहून पाठवा, छापतो. शिवसागर, तुमची आत्याही पाहिजे, म्हशीसकट.

वेशीबाहेर, तुमचं मात्र अर्धंच पटलं. कागद खोटं बोलतो म्हणून तर तो वाचायचा. सातबाऱ्यावरचं आजोबांचं नाव आणि त्यांच्या हातातला कोयता समोरासमोर आले की कथा उभी राहते. एकट्या कोयत्याच्या कथा वाचून झाल्यात.

वेशीबाहेर:
तुमच्या वाचून झाल्या असतील, आमच्या लिहून झाल्या नाहीत. तुम्हाला कागद लागतो, कारण तुमच्या घरात तो आहे.

शिवसागर:
आत्या येणार नाही, ती अंकबिंक मानत नाही. मी लिहीन तिच्याकडनं ऐकून. पण तुम्ही कात्री लावताना घरांची यादी कापायची नाही, हे आत्ताच ठरवून घ्या. संपादकांना यादी दिसली की हात शिवशिवतात.

बांधकरी:
पानं मर्यादित असतात हो, जाहिराती किती मिळतात त्यावर सगळं. पण यादी राहील.

तिखटमीठ:
म्हणजे बंदी उठली?

बांधकरी:
शिथिल केली.

तिसरी_वारसदार:
मी लिहीन की नाही ते बघू, भाऊ अंक वाचतो. तुमच्या संपादक मंडळात बायका किती?

बांधकरी:
एक. त्या शुद्धलेखन बघतात.

तिसरी_वारसदार:
मग माझ्यामागे कशाला लागताय? त्यांनाच विचारा. सही त्यांनीही केलीच असेल.