शब्दचर्चा : 'जनुकीय सुधारित' म्हणायचं, की आणखी काही?

कापसाच्या बियाण्याचं एक माहितीपत्रक मराठीत करायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडकले. मूळ मजकुरात 'जेनेटिकली मॉडिफाइड' होतं. सवयीने 'जनुकीय सुधारित' लिहून गेले, मग थांबले. सुधारित कशावरून?

'सुधारित वाण' हा शेतीतला जुना आणि नेमका शब्द आहे. गावरान, सुधारित, संकरित हे तीन प्रकार शेतकऱ्याला पाठ असतात. निवड करत करत काढलेलं आणि ज्याचं बी घरी राखता येतं, ते सुधारित. आपल्याकडचा बीटी कापूस (ज्याचं झाड स्वतःच अळीला मारणारं विष तयार करतं) मात्र जवळजवळ सगळा संकरित, बी दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. त्यालाही 'सुधारित' म्हटलं तर वाचणाऱ्याची फसगत होते.

त्याहून मला खटकतं ते वेगळंच. 'सुधारित' म्हणताच वादाचा निकाल आधीच लागून जातो. बीटी वांग्यावर नागपूरसह सात शहरांत जाहीर चर्चा झाल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. त्या वांग्याला 'सुधारित' म्हणून लोकांपुढे ठेवायचं आणि मग तुमचं मत काय असं विचारायचं, हे न्यायाचं नाही. हिंदीतला 'संशोधित' घ्यावा तर मराठीत संशोधन म्हणजे शोधकार्य, तोही चालत नाही.

'जीन एडिटिंग'चीही तीच गत. वर्तमानपत्रं 'जनुक संपादन' लिहितात. पण संपादन म्हणजे मिळवणंही. विश्वास संपादन करतात, जमीन संपादन करतात. 'जनुक संपादन' ऐकून कुणी 'बाहेरून जनुक मिळवलं' असा अर्थ घेतला तर त्याची चूक नाही, आणि तो अर्थ नेमका उलटा आहे. बीटीत मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात आणलं आहे. वाण तोच, गुण परक्याचा. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या, एडिटिंग केलेल्या 'कमला' या भातात मात्र परकं जनुक नाही, सांबा मसुरी या वाणाच्याच एका जनुकात बदल केला आहे. सरकारने मार्च २०२२ मध्ये अशा काही पिकांना जुन्या कडक नियमांतून सूट दिली, ती याच फरकावर. कायदा ज्या फरकावर उभा आहे, तो शब्दात दिसू नये?

सुचवा काही.

*

ताई, यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो. घरी तीन पिढ्यांचा कापूस. 'सुधारित'बद्दल तुमचं पटलं, पण आमचं खरं नुकसान दुसऱ्याच एका शब्दाने केलं : 'रेफ्युजी'.

बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी बियाण्याचं वेगळं पाकीट यायचं. ते शेताच्या कडेने पाच ओळी लावायचं. त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, विषाला न जुमानणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर व्हावा आणि तो चिवटपणा पसरू नये, हा हेतू. पाकिटाला सगळे 'रेफ्युजी' म्हणत. आमच्या कानाला रेफ्युजी म्हणजे निर्वासित, नको असलेला माणूस. माझ्या वडिलांनी ते बी कधी नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला वापरलं, कधी बांधावर टाकून दिलं. गावात दुसरं कुणी काही वेगळं केल्याचं आठवत नाही. २०१७ साली फुलं उमलायच्या ऐवजी मिटलेल्या गुलाबासारखी दिसायला लागली. डोमकळ्या. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक, आणि चिरलं की आत गुलाबी अळी आणि पिवळी पडलेली कवडी. एकट्या शब्दाने हे घडलं असं म्हणत नाही. लांब मुदतीचे वाण, फरदड (वेचणी संपल्यावरही शेतात ठेवलेला कापूस), सगळंच होतं. पण पाकिटावर 'अळीचा वाटा' एवढं जरी असतं, तरी वडिलांनी विचारलं असतं, अळीला वाटा कशाला? आणि कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं.

तुमच्या 'एडिटिंग'साठी माझा शब्द : 'फेरफार'. सातबारा ज्याच्या घरात आहे त्याला तो समजवावा लागत नाही. रान तेच, गट नंबर तोच, नोंदीत बदल.

*

'फेरफार' छानच आहे. 'कागदपत्रांत फेरफार' म्हटल्यावर संशय येतो एवढंच.

मी गडचिरोलीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसोबत काम करते. आमच्याकडे अडतो तो 'जनुकदुरुस्ती' हा शब्द. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने सिकलसेलवरच्या 'कॅसजेव्ही' या उपचाराला मान्यता दिली, तेव्हापासून पालक विचारतात, दुरुस्ती झाली म्हणजे पुढच्या पिढीला होणार नाही ना? त्या उपचारात जनुकातलं बिघडलेलं अक्षर दुरुस्त होतच नाही. रुग्णाच्याच रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढतात आणि गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद पाडणारी कळ निकामी करून त्या परत देतात. मूळ दोष जागेवरच राहतो आणि मुलांकडे जाऊ शकतो. म्हणून 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे शब्द एकाच अर्थाने वापरू नका, ही कळकळीची विनंती. कॅसजेव्हीतला बदल जनुकीय आहे, आनुवंशिक नाही. चीनमध्ये 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ज्या जुळ्या मुलींच्या भ्रूणांत बदल केल्याचं जाहीर केलं, तो मात्र त्यांच्या मुलाबाळांतही उतरू शकतो. त्यांना तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. पण त्या मुलींच्या बाबतीत कोणता शब्द वापरायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

दोघांचेही मनापासून आभार. माहितीपत्रकात आता 'परकं जनुक घातलेला कापूस' असंच लिहिते आहे. लांब आहे, पण खरं आहे. एडिटिंगला 'जनुक-फेरफार' आणि बिगर-बीटी बियाण्याला 'अळीचा वाटा' घेते, कंसात 'रेफ्युजी', कारण दुकानात तोच शब्द चालतो.

'फेरफार'मधल्या संशयाबद्दल. तलाठ्याकडे फेरफार धरला की आधी नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मगच नोंद प्रमाणित होते. मला हा शब्द त्यासाठीच हवा आहे. त्या जुळ्या मुलींचा फेरफार झाला तेव्हा नोटीस घ्यायला त्या जन्मालाच आल्या नव्हत्या.