बदलून मिळालेला अल्टरनेटरही गरम झाला की बसतो, काउंटरवर मात्र ‘टेस्टमध्ये पास’

चौदाचा_पाना

रिबिल्ट (जुना दुरुस्त करून विकलेला) अल्टरनेटर आहे, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी चार्ज करणारा पार्ट; वॉरंटीत एकदा बदलून मिळालेला. इंजिन थंड असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट दाखवतो. गाडी अर्धा तास चालली, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू केला की १२.८ वर येतो. दुकानातलं यंत्र ‘पास’ म्हणतं, म्हणून पुन्हा बदलून द्यायला नकार. खोलण्या-बसवण्याची मजुरी वॉरंटीत नाहीच, ते धरूनच चाललोय.

त्याच दुकानातून घेतलेल्या गोटी (सॉकेट) सेटचा अर्धा इंची रॅचेट, म्हणजे गोट्या फिरवायचा एकाच दिशेने पकडणारा दांडा, जोर दिला की दात सोडतो. सेटवर ‘लाइफटाइम वॉरंटी’ छापलंय, पण पूर्ण रॅचेटऐवजी आतला किट देतो म्हणतात. टॉर्क रेंचला (मोजून ठरावीक जोराने आवळायचा पाना) तर लाइफटाइम लागूच नाही म्हणे.

दोन गोष्टी हव्यात: अल्टरनेटर खरंच खराब आहे हे काउंटरवर कसं पटवायचं, आणि रॅचेटच्या बाबतीत किट घ्यावा की भांडावं?

कार्बन_ब्रश

काउंटरवरचं यंत्र अल्टरनेटर थंड असताना, थोडा वेळ आणि बऱ्याचदा कमी लोडवर (वीज ओढणाऱ्या गोष्टी कमी असताना) फिरवतं. तुमचा दोष गरम झाल्यावर आणि लोड आल्यावर दिसतो. त्यामुळे ‘पास’ येणारच. पण भांडायला जाण्याआधी गाडीतल्या बाकीच्या गोष्टी निर्दोष ठरवून घ्या, नाहीतर पुढचाही जाईल.

आधी बॅटरी. चार्जरवर पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा. १२.६ च्या आसपास थांबली पाहिजे, १२.४ वर आली तर ती पूर्ण भरत नाहीये. अर्धमेली बॅटरी असली की अल्टरनेटर सतत पूर्ण ताकदीवर चालतो, तेही ट्रॅफिकमध्ये आयडलला, जेव्हा त्याचा पंखा सर्वांत हळू फिरत असतो. डायोड (आतली एसी वीज डीसी करणारे भाग) तिथेच भाजतात. एकामागून एक अल्टरनेटर जाण्याचं हे फार नेहमीचं कारण, आणि त्याकडे कोणी बघत नाही.

मग व्होल्टेज ड्रॉप. इंजिन गरम, सुमारे २००० आरपीएम, सगळे लोड चालू. मल्टिमीटर डीसीवर. लाल वायर अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टला, काळी बॅटरीच्या प्लस खांबाला. क्लॅम्पला (खांबावर बसणारी केबलची पकड) नाही, खांबालाच. क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्येच गंज असतो. ०.२ पर्यंत ठीक. ०.५ आला तर केबल किंवा फ्यूज लिंक बघा, अल्टरनेटरला दोष देऊ नका. तसंच बॅटरीच्या मायनस खांबापासून अल्टरनेटरच्या बॉडीपर्यंत; तिथे ०.१ च्या वर गेलं तर इंजिनची अर्थ पट्टी साफ करा.

शेवटी मीटर एसी व्होल्टवर ठेवून थेट बॅटरीवर लावा. ०.५ पेक्षा जास्त एसी म्हणजे डायोड गेलाय. हे रीडिंग थंड असताना एकदा आणि गरम झाल्यावर एकदा घ्या.

एक सावधगिरी. बॅटरीच्या मायनस क्लॅम्पवर करंट सेन्सर असलेल्या गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे नुसता १२.८ दिसला म्हणून दोष ठरत नाही. पण हेडलाइट लावल्यावर अशा बहुतेक गाड्यांत व्होल्टेज वर जातं. स्कॅनर असेल तर ईसीयूने मागितलेला व्होल्टेज आणि प्रत्यक्ष मिळणारा, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

पावती_सांभाळा

वरच्याला +१. पण क्लेमचा निकाल बऱ्याचदा पार्ट बसवायच्या दिवशीच लागलेला असतो, काउंटरवर नंतर फक्त तो वाचून दाखवतात.

पार्ट डब्यातून काढला की बसवण्याआधी सीरियल नंबर, बॅच कोड आणि कनेक्टर यांचे फोटो काढा. सीरियल एखाद्या कोपऱ्यात असेल तर शेजारी पेंटने ठिपका द्या, म्हणजे बसवल्यावरही सापडतो. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा. थर्मल कागद उन्हात आणि प्लास्टिकच्या पाकिटात कोरा होतो, आणि कोऱ्या कागदावर कोणीही वॉरंटी देत नाही. फोटोत गाडीच्या किलोमीटरचा आकडाही घ्या.

‘लाइफटाइम’ म्हणजे बहुधा मूळ खरेदीदाराकडे, त्याच गाडीवर, तो पार्ट असेपर्यंत. गाडी विकली की संपलं. मुदतीच्या वॉरंटीत बदलून मिळालेल्या पार्टला बहुतेक ठिकाणी नवी मुदत मिळत नाही, मूळ खरेदीची उरलेली मिळते. बॅटरीत हे हमखास. त्यात पहिला काही काळ पूर्ण बदली, पुढे वापरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात सूट. म्हणून बदलीच्या पावतीवर मूळ खरेदीची तारीख आणि उरलेली मुदत लिहून घ्या, पुढच्या वेळी कॉम्प्युटरमध्ये नोंद सापडेलच असं नाही.

काही पार्टना सोबतच्या कामाचा पुरावा लागतो. गाडीच्या एअर कंडिशनरच्या कॉम्प्रेसरच्या क्लेमसाठी नवा रिसीव्हर-ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि फ्लशिंग (आतून धुणं) यांची बिलं मागतात. मागण्यात तथ्य आहे. जुना कॉम्प्रेसर आतून फुटला असेल तर त्याचा धातूचा चुरा कंडेन्सरमध्ये बसतो. बारीक समांतर नळ्यांचा कंडेन्सर फ्लश करून साफ होत नाही, बदलावाच लागतो. तो चुरा नवा कॉम्प्रेसर खातो. टर्बोचंही तसंच: तेलाची नळी बदलल्याचं बिल नसेल तर ‘तेल पोहोचलं नाही’ म्हणून परत.

ब्रेक पॅडबद्दल सहसा चुकीची अपेक्षा असते. अस्तर पत्र्यापासून सुटलं तर तो उत्पादनाचा दोष. आतला पॅड संपला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक असेल, तर कॅलिपरच्या पिना जाम आहेत. तो क्लेम नाकारतील आणि योग्यच करतील.

गोटीपाना

रॅचेटचा किट घ्या. भांडण्यात काही हशील नाही.

अर्धा इंची रॅचेटमध्ये आत दातेरी चक्र, एक-दोन कुत्री (चक्राच्या दातांत अडकणारे छोटे तुकडे) आणि त्यांच्या मागे स्प्रिंग एवढंच असतं. दात सोडतो म्हणजे कुत्र्याचे दात झिजलेत, किंवा स्प्रिंग मेली, किंवा आत मातकट ग्रीस घट्ट होऊन कुत्रं पूर्ण बसत नाही. किट आणण्याआधी मागची प्लेट खोलून डिझेलने धुऊन बघा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. खोलताना फडकं अंथरा, स्प्रिंग आणि छोटी गोळी उडते. बसवताना पातळ तेल किंवा अगदी हलकं ग्रीस. बेअरिंगचं जाड ग्रीस भरलं की तोच आजार परत.

पूर्ण रॅचेटसाठी अडून बसलात तर दुकानवाले कधीकधी आधीच दुरुस्त केलेला दुसऱ्याचा रॅचेट हातात देतात. त्यापेक्षा आपला हँडल आणि नवा किट बरा. बॉडीला तडा असेल किंवा गोटी बसते तो चौकोन पिळला असेल तर मात्र किट घेऊ नका, पूर्णच मागा. आणि पाइप घालून जोर दिल्याच्या खुणा हँडलवर असतील तर विसरा. गच्च नट सोडवायला लांब टॉमी (साधा दांडा) असते.

टॉर्क रेंचला लाइफटाइम कोणीच सहसा देत नाही, कारण ते मोजमापाचं साधन आहे. आयएसओ ६७८९ नुसार वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तपासणी अपेक्षित असते; १० न्यूटन मीटरच्या वरच्या क्लिक रेंचला चूक ४ टक्क्यांच्या आत हवी. काम झालं की स्केलवरच्या सर्वांत खालच्या खुणेपर्यंत सोडून ठेवा, त्याखाली नाही. नट सोडवायला वापरू नका.

चमकदार क्रोम व्हॅनेडियमच्या गोट्या इम्पॅक्ट गनवर (झटके देऊन नट फिरवणारं यंत्र) लावल्या की उभ्या फुटतात. त्या फुटीची तऱ्हा बघूनच काउंटरवाला ओळखतो. गनला काळ्या, जाड भिंतीच्या क्रोम मॉलिब्डेनमच्याच.

काउंटरपलीकडून

दुकानाची बाजूही समजून घ्या, त्याने तुमचंच काम सोपं होईल. परत आलेला पार्ट पुढे कंपनीकडे जातो. तिथे ‘दोष आढळला नाही’ असा शेरा आला की तो खर्च दुकानाच्या माथी. म्हणून यंत्रातून निघणारी छापील पट्टी ‘फेल’ म्हणाल्याशिवाय काउंटरवरचा माणूस हात पुढे करत नाही.

‘चालत नाही, बदलून द्या’ याला तो काहीच करू शकत नाही. ‘गरम असताना एवढ्या आरपीएमला, एवढ्या लोडवर, एवढा एसी’ असं लेखी आणि व्हिडिओसकट दिलं तर तो क्लेम फॉर्मवर तसंच लिहू शकतो. पार्ट खोलून नेण्याऐवजी गाडीच गरम असताना नेऊन तिथेच टेस्ट मागा. सकाळी, गर्दी नसताना.

तोच मॉडेल परत मिळणार असेल तर वेगळ्या बॅचचा मागा. नाहीतर फरक भरून नवा कोरा घ्यायची परवानगी विचारा. पैसे परत देण्यापेक्षा दुकानाला ते सोयीचं पडतं, त्यामुळे हो म्हणतात.

मजुरीबद्दल तुमचं बरोबर, मिळत नाही. फक्त पार्ट गॅरेजने स्वतः आणून बसवला असेल तर मजुरीचं गॅरेजशी बोला. तुम्ही आणून दिलेल्या पार्टवर कुठलंच शहाणं गॅरेज मजुरीची हमी घेत नाही.

चौदाचा_पाना

मोजलं. बॅटरी चार्ज करून रात्रभर ठेवली, १२.६५. प्लस बाजूचा ड्रॉप ०.१२, अर्थचा ०.०६. एसी थंड असताना ०.०८, गरम लोडवर ०.८. करंट सेन्सर नाही.

कार्बन_ब्रश

मग केबल, अर्थ, बॅटरी निर्दोष ठरल्या. गरम झाल्यावर डायोड साथ सोडतोय. थंड आणि गरम दोन्ही रीडिंगचा व्हिडिओ करा, सुरुवातीला सीरियल नंबर दिसू द्या.

नवा हातात आला की जुना परत करण्याआधी दोन्ही शेजारी ठेवा. पुलीच्या खाचा तेवढ्याच आहेत का, पुली त्याच रेषेत येते का, प्लगचे पिन सारखे आहेत का बघा. मधला वन-वे क्लच असलेली पुली असेल तर ती एका बाजूला अडकली आणि दुसऱ्या बाजूला मोकळी फिरली पाहिजे. बसवताना बॅटरीचा मायनस आधी काढा. मोठ्या बोल्टचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. तो सैल राहिला की लग (केबलच्या टोकाची रिंग) जळतो, आणि जळलेला लग दिसला की तो क्लेम तिथेच संपतो.