'प्रश्न उद्भवत नाही' हे उत्तर आपण चालवून का घ्यायचं?

पेठकरी

काल एकानं इथं लिहिलं की संसदेत मंत्री सरळ उत्तर देत नाहीत म्हणून बोंबलायचं कारण नाही, विरोधकांचे प्रश्न अडकवायलाच असतात, शहाणा मंत्री हातचं राखूनच बोलणार, आपण काम झालं का तेवढं बघावं. खाली अंगठेच अंगठे. मला हे अजिबात पटलेलं नाही आणि दोन ओळीत सांगता येत नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

काम झालं का ते बघायचं कशावरनं भावा? कामाचा हिशोब मागायची जागाच ती हाय. सप्टेंबर २०२० आठवा. लॉकडाऊनमध्ये चालत गावाकडं निघालेली माणसं वाटेत मेली. लोकसभेत विचारलं, किती मजूर गेले आणि घरच्यांना भरपाई दिली का. संतोष गंगवार कामगार मंत्री होते, त्यांच्या खात्याचं लेखी उत्तर असं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळं भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या सीमेवरच्या आंदोलनात मेलेल्या शेतकऱ्यांबद्दल विचारलं, कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांचं उत्तर तसंच, नोंद नाही म्हणून मदतीचा प्रश्न नाही. आधी मोजायचं नाही आणि मग मोजलं नाही म्हणून द्यायचंही नाही. याला शहाणपण म्हणणाऱ्यांचा मला राग आलाय, स्पष्ट सांगतो.

आणि २०२० च्या त्या अधिवेशनात कोरोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच काढला होता, फक्त लेखी उत्तरं. मंत्री समोर उभा असता तर कुणीतरी लगेच विचारलं असतं की आकडेवारी का ठेवली नाही, ठेवू नका असं कुणी सांगितलं. कागदाला उपप्रश्न कसा विचारणार?

उद्यमनगरकर

ते मीच लिहिलंय, नाव घ्यायला लाजू नका.

सभागृहात बोललेलं रेकॉर्डवर जातं. एक आकडा चुकला की हक्कभंग, राजीनामा द्या, पायऱ्यांवर घोषणा. मग मंत्री जपून बोलणार नाही तर काय करणार? आणि प्रश्न विचारणारे सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत का? डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारले म्हणून ११ खासदारांना घरी पाठवलं, ते विसरलात? त्यात कुठला एकच पक्ष नव्हता.

२०२१ चं कोरोनातल्या ऑक्सिजनचं उत्तरही असंच बदनाम केलं. राज्यसभेत तेव्हाच्या आरोग्य राज्यमंत्री भारती पवारांनी सांगितलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. राज्यांनी कळवलंच नव्हतं तर केंद्रानं काय मनानं आकडा टाकायचा? तेव्हा महाराष्ट्रात कुणाचं सरकार होतं? त्यांनीही ऑक्सिजनच्या तुटवड्यानं कुणी गेलं नाही असंच सांगितलं होतं.

आणि खरं सांगू का, सभागृहातल्या उत्तरानं काय होतंय? कोल्हापूरचा टोल गेला तो एन. डी. पाटील सरांच्या मागं गाव रस्त्यावर उतरलं म्हणून गेला. हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं ते वकिलांनी पिढ्यानपिढ्या लढा दिला म्हणून. आमच्यासारख्या फाउंड्रीवाल्याला विजेचा दर किती हे कळलं की झालं, मंत्री कसं बोलला यानं माझी भट्टी पेटत नाही.

पेठकरी

राज्यांनी कळवलं नाही हे मान्य. महाराष्ट्रानंही हात झटकले हेही मान्य, तिथं तुमचं बरोबर हाय. पण म्हणून दोन्ही सरकारं सुटली का? २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या महापालिकेच्या दवाखान्यात टाकी गळली, ऑक्सिजन बंद पडला आणि २० च्या वर माणसं गेली, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. केंद्र म्हणतं राज्यानं कळवलं नाही, राज्य म्हणतं तो अपघात होता तुटवडा नव्हता. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्यानं दार ठोठवायचं कुणाचं?

टोलचं म्हणाल तर रस्त्यावरच्या लढाईतही रस्त्यांच्या कामाचं मूल्यांकन करा हीच मागणी होती की. आकडाच मागत होतो आपण.

जुना_मंत्रालयी

नमस्कार. मी मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो, आता रुईकर कॉलनीत असतो. इथं मंत्र्यांवर राग निघतोय, पण उत्तर लिहितो कोण हे कुणी विचारत नाही म्हणून चार शब्द.

तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, आला की विभागाकडून आयुक्तालय, तिथून जिल्हा, तिथून तालुका असा खाली जातो. अधिवेशन काळात मुख्यालय सोडू नये असा आदेश असतो, फोन रात्री अकरालाही येतो, 'एलएक्यू'ची, म्हणजे विधानसभा प्रश्नाची, माहिती आत्ता पाठवा. तालुक्याचा अव्वल कारकून पूर, निवडणूक, सातबारा सगळं सांभाळून तक्ता भरतो. तोच तक्ता वर चढत येतो आणि प्रत्येक टेबलावर एकेक शब्द मऊ होतो. खाली 'अर्ज प्रलंबित आहेत' असं असेल तर वर येईपर्यंत 'कार्यवाही करण्यात येत आहे' होतं. मंत्री महोदयांच्या हातात येते ती अशी फाईल, तीही बऱ्याचदा आदल्या रात्री.

शिवाय प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक झाले हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, नसल्यास विलंबाची कारणे काय. पहिल्या भागात दहा गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात, त्यातल्या सात खऱ्या, तीन चुकीच्या. मग 'हे अंशतः खरे आहे' याशिवाय आम्ही काय लिहावं? आणि चौकशी केली असेल तर विलंबाचा प्रश्न खरोखरच उद्भवत नाही. सगळा कावेबाजपणा नसतो हो.

कृष्णाकाठची

काका, तुमचा मान ठेवून लिहिते, पण तुमच्या त्या 'अंशतः'नं आमच्या घरात काय झालं ते ऐका.

२०१९ च्या ऑगस्टात आमच्या गावात पाणी शिरलं. मागची भिंत पूर्ण बसली, पुढच्या सोप्याला तडे. घर एक, पण सासरे आणि चुलत सासरे यांच्या चुली वेगळ्या, रेशनकार्डं वेगळी. मदत आली एकाच नावावर, कारण घर नंबर एक. अशी लई घरं होती आमच्या भागात. कुणीतरी पाठपुरावा केला आणि एका आमदारांनी विधानसभेत प्रश्न लावला. आम्हाला वाटलं आता काहीतरी होईल. उत्तर आलं ते काकांनी सांगितलेल्या साच्यातलंच. अंशतः खरे आहे, पात्र पूरग्रस्तांना मदत वाटण्यात आली आहे, विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.

माझ्या मिस्टरांनी त्याची प्रिंट काढली आणि भोळेपणानं ऑफिसात घेऊन गेले, की बघा साहेब, सभागृहात आमचा विषय झालाय. त्या साहेबांनी पेनानं दुसरी ओळ दाखवली. म्हणे सभागृहात उत्तर गेलंय की पात्र लोकांना दिलंय, म्हणजे तुम्ही पात्र नाही, आता आम्ही वेगळं लिहू शकत नाही. प्रश्न विचारायच्या आधी आमचा अर्ज निदान चालू होता. उत्तर आल्यावर तो बंद झाला.

कुठला भाग खरा आणि कुठला खोटा एवढंच लिहायचं होतं. सात खऱ्या नि तीन चुकीच्या, तर त्या तीन कुठल्या ते लिहा की. तेवढ्यात काय जात होतं सांगा.

जुना_मंत्रालयी

ताई, तुमच्या बाबतीत अन्याय झाला. तीन कुठल्या ते लिहिता येतं, नियमाची आडकाठी नाही, हे मला नाकारता येणार नाही. लिहीत नाहीत कारण पुढचा उपप्रश्न नेमका त्यावरच येतो. मात्र सगळं खापर उत्तर लिहिणाऱ्यावर फोडू नका एवढंच म्हणणं.

ऊसकरी

आवं तुमी दिल्ली आनि मुंबईच्या गप्पा हाणतायसा, हितं आपल्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभंत काय हुतंय ते बघा की आदी. ही मंत्रीमंडळी तयार कुठं हुत्यात? आमच्यातच.

नोटिशीत लिवलेलं असतंय, प्रश्न आठ दिवस आदी लेखी द्या. दिलं. उसातनं साखर किती निघती त्यो उतारा आमच्या शिवारात कमी कसा पडतोय, तोडणी-वाहतुकीचा खर्च एवढा कसा कापला, ऊस मोजायचा वजनकाटा बाहीरच्या मानसाकडनं तपासला का. सभा दुपारी एकला. मंडपात पुढच्या चार रांगंत कामगार आनि चिठ्ठीवाले सकाळधरनं बसवून ठिवल्यालं. अहवाल वाचून झाला असं समजावं का, मंजूर मंजूर. ताळेबंद, मंजूर मंजूर. मी उठलो, माइक माज्यापतूर आलाच न्हाय. चेअरमन म्हणालं लेखी प्रश्नांची लेखी उत्तरं पोस्टानं देऊ, आनि स्पीकरवर राष्ट्रगीत सुरू. आता राष्ट्रगीत लागल्यावर कोण वरडंल? उभं ऱ्हायचं गप. पोस्टानं अजून काय आलं न्हाय.

बिद्री_रोड

ऊसकरी दादा, एकच बाजू सांगू नका. मी एका कारखान्यात शेती विभागात कामाला आहे. सभेत प्रश्न विचारणारे निम्मे पुढच्या निवडणुकीचे उमेदवार असतात, त्यांना उतारा कळत नाही, मोबाईलवर शूटिंग पाहिजे असतं. गेल्या सभेत खुर्च्या कुणी फेकल्या? आणि नंतर आवारातच समांतर सभा घेऊन सगळे ठराव नामंजूर म्हणून पेपरला फोटो. चेअरमननं कुणाला उत्तर द्यायचं?

ऊसकरी

खुर्ची फेकनाऱ्याला मी बी चुकीचंच म्हणतो. पर मी खुर्ची फेकली न्हाय, मी कागद दिलावता. माज्या कागदाचं उत्तर कुठाय ते सांगा. एफआरपी, म्हंजी उसाचा कायद्यानं ठरल्याला किमान दर, तुकड्यानं द्यायची ते तरी कुनाला इचारून ठरलंवतं? कायदा म्हणतोय १४ दिसात, आनि २०२२ ला सरकारनं दोन हप्त्याचा निर्णय काडला. राजू शेट्टी कोर्टात गेलं आनि मार्च २०२५ ला हायकोर्टानं त्यो निर्णय उडवला. तवर जी झळ बसली ती आमालाच, तुमचा पगार तर येळंवर हुतोय.

बिद्री_रोड

पगारावर जाऊ नका. आमचे पगार किती महिने थकले होते ते तुम्हाला माहीत नाही. कामगार पुढच्या रांगेत बसतो ते हौसेनं नाही बसत, यादी लागते कोण कुठं बसणार त्याची. मीही बसलोय आणि मंजूर म्हटलंय, नोकरी होती म्हणून. आता पुढं मला बोलायला लावू नका.

ऊसकरी

हे आदीच बोलला असतासा तर भांडान झालं नसतं. पगाराचं बोललो ते मागं घेतो.

उद्यमनगरकर

बघा, धागा कुठला आणि गेला कुठं. पण ऊसकऱ्यांच्या बोलण्यातनंच माझा मुद्दा सिद्ध होतोय. ज्या चेअरमननं उत्तर दिलं नाही त्यालाच पुढं तुम्ही आमदार करता. मतदार उत्तरं मागत नाहीत, डांबरी रस्ता आणि देवळाचा सभामंडप मागतात. मग मंत्र्याला दोष का?

तिकटीचा_वकील

मतदार मागत नाही म्हणून मंत्र्याचं कर्तव्य संपत नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे हे घटनेच्या ७५ व्या अनुच्छेदात लिहिलंय, त्यात सभामंडपाचा अपवाद नाही.

आणि उत्तरानं काय होतं असं विचारताय तर १९५७ बघा. एलआयसीचा पैसा उद्योगपती हरिदास मुंद्रांच्या कंपन्यांत का घातला हे फिरोज गांधींनी लोकसभेत लावून धरलं, तेही सत्ताधारी बाकावरून. सासरे पंतप्रधान असताना. न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. आज सत्ताधारी बाकावरचे प्रश्न ऐका, मंत्री महोदयांचं अभिनंदन करून सुरू होतात. उत्तर गोल येतं कारण प्रश्नही गोल असतो.

साधनं आहेत. चुकीचं उत्तर दिलं तर लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली ते दाखवून देता येतं. अपुरं वाटलं तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. 'करतो, बघतो' म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, त्यासाठी आश्वासन समिती आहे. पण मंत्र्यानं मुद्द्यालाच हात घातला नाही तर अध्यक्ष त्याला बोलतं करू शकत नाहीत, खरी मेख तिथं आहे. ब्रिटनमध्ये दर बुधवारी अर्धा तास पंतप्रधानाला उभं राहावं लागतं. तिथलेही टाळतात, पण सगळ्यांच्या देखत टाळावं लागतं. आपल्याकडं पंतप्रधानांच्या खात्यांची उत्तरंसुद्धा बहुतेक राज्यमंत्री देतात.

उद्यमनगरकर

मुंद्रा प्रकरण जुनं झालं, तेव्हाची माणसं वेगळी. पण कृष्णाकाठच्या ताईंचं वाचून एवढं म्हणतो की उत्तरामुळं अर्ज बंद होत असेल तर ते चूक आहे. माझ्या डोक्यात ही बाजू आली नव्हती. बाकी माझं मत तेच, प्रश्नोत्तराच्या तासात निम्मा वेळ गोंधळ घालणाऱ्या विरोधकांना आधी विचारा.

पेठकरी

गोंधळ घालणाऱ्यांना माझा पाठिंबा कधीच नव्हता. तास वाया गेला की मंत्र्याचंच फावतं.

तिकटीचा_वकील

ताई, ते उत्तर जपून ठेवलं असेल तर त्याचा फोटो मला पाठवा. पुन्हा प्रश्न लावायचा तर 'खरे आहे काय' असं विचारायचंच नाही. एका घर नंबरावर दोन शिधापत्रिका असलेले किती अर्ज आले, किती नामंजूर झाले, कोणत्या शासन निर्णयाच्या कोणत्या कलमाखाली, गावनिहाय तक्ता पटलावर ठेवावा, असं. तिथं 'अंशतः' लिहायला जागा उरत नाही. मंत्रालयी काका, मसुदा तपासून द्याल का? पळवाट कुठं राहिली ते तुम्हालाच कळणार.

जुना_मंत्रालयी

देतो. 'गावनिहाय' शब्दाच्या जोडीला तारीख घाला, अमुक दिनांकापर्यंत असं. नाहीतर माहिती संकलित करण्यात येत आहे असं उत्तर येईल.

कृष्णाकाठची

उत्तराचा कागद आहे, मिस्टरांनी अर्जाच्या फाईलीतच लावलाय. संध्याकाळी फोटो पाठवते. अजून सहा-सात घरांचे कागद मिळतील, विचारून बघते.

ऊसकरी

वकीलसाहेब, आमच्या काट्याचा प्रश्न बी असाच लिवून द्या की. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागतीया त्यास्नी.