सोसायटीची थकबाकी यादी: सॉर्ट आणि फिल्टर लावल्यावर क्रम, तारखा आणि बेरीज चुकते

हिशेब_तपासनीस

तीन विंगची सोसायटी आहे, १६८ फ्लॅट. एक्सेलमध्ये एकच शीट. ए कॉलममध्ये फ्लॅट क्रमांक (ए-१०१ ते सी-१४०४), बीमध्ये नाव, सीमध्ये शेवटच्या भरण्याची तारीख, डीमध्ये थकबाकी, ईमध्ये शेरा. प्रत्येक विंगच्या आधी एक रिकामी ओळ, आणि तिच्याखाली सेल मर्ज करून 'बी विंग' असं हेडिंग. तारखा बँकेच्या सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराची फाइल) येतात.

अडचणी चार आहेत. फ्लॅट क्रमांकावर सॉर्ट केलं की ए-१००१ हा ए-१०१ च्या आधी येतो. तारखांवर सॉर्ट केलं की काही तारखा बरोबर लागतात, काही सगळ्यांत खाली जातात. 'फक्त बी विंग, थकबाकी ५००० च्या वर' असा फिल्टर लावला तरी खालची बेरीज पूर्ण सोसायटीचीच दिसते. आणि फिल्टर लावून शेरा पेस्ट केला तर तो न दिसणाऱ्या ओळींतही जातो. ही शीट पुढे गूगल शीट्सवर टाकून समितीतल्या चौघांना द्यायची आहे. काय काय बदलावं लागेल?

तक्तेवाला

आधी यादीचा सांगाडा सरळ करा, नाहीतर पुढचं काहीच टिकणार नाही. एका सेलवर उभं राहून फिल्टर लावला की एक्सेल यादी कुठवर आहे ते स्वतः शोधतं आणि पहिल्या पूर्ण रिकाम्या ओळीशी थांबतं. म्हणजे तुमचा फिल्टर ए विंगपुरताच लागतो, बी आणि सी त्याच्या बाहेर राहतात. मर्ज केलेल्या सेलमुळे सॉर्टही अडतं: सगळे मर्ज सेल एकाच मापाचे हवेत असा संदेश येतो. विंग कोणती ते फ्लॅट क्रमांकातच आहे, तेव्हा ती हेडिंगं आणि रिकाम्या ओळी काढूनच टाका. वर हेडरची एकच ओळ, खाली १६८ ओळी सलग.

कशालाही हात लावण्याआधी शेवटी एक 'मूळ क्रम' कॉलम करून १ ते १६८ आकडे भरून ठेवा. फाइल सेव्ह करून बंद केली की कंट्रोल+झेडचा उपयोग नसतो, हा कॉलम मात्र केव्हाही जुना क्रम परत देतो. आणि एकच कॉलम निवडून सॉर्ट दाबलं की 'निवड वाढवायची का' असं विचारणारी खिडकी येते. तिथे निवड वाढवण्याचाच पर्याय घ्या. दुसरा घेतला तर नावं जागच्या जागी राहतात, रकमा हलतात, आणि कुणाची थकबाकी कुणाच्या नावावर गेली हे नुसतं बघून कळतही नाही.

आता फ्लॅट क्रमांक. 'ए-१००१' हा एक्सेलच्या लेखी मजकूर आहे, म्हणून तो अक्षर-अक्षर ताडून लावला जातो. पहिला १ सारखा, ० सारखा, मग १००१ मधला ० आणि १०१ मधला १ यांत ० आधी. उपाय: दोन मदतनीस कॉलम (सूत्रं, कॉलमची अक्षरं आणि फ्लॅट क्रमांक शीटमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका).

एफ, विंग: =लेफ्ट(ए२,१)
जी, क्रमांक: =व्हॅल्यू(मिड(ए२,३,४))

मग डेटा मेनूतल्या सॉर्टमध्ये पहिली पातळी विंग, 'पातळी वाढवा' दाबून दुसरी पातळी क्रमांक. एक सापळा लक्षात ठेवा. कुणी मधली रेघ न देता 'ए१०१' लिहिलं असेल तर मिड तिसऱ्या अक्षरापासून उचलतं, म्हणजे '०१', आणि क्रमांक १ येतो. जी कॉलमवर '१०१ पेक्षा कमी' असा फिल्टर लावला की असे बहुतेक पकडले जातात, पण 'ए१४०४' चं ४०४ होतं आणि ते खऱ्या फ्लॅटसारखंच दिसतं. म्हणून विंग आणि क्रमांक मिळून दुबार येतोय का तेही बघा: =काउंटइफ्स(एफ$२:एफ$१६९,एफ२,जी$२:जी$१६९,जी२) हे १ पेक्षा जास्त आलं की ती ओळ तपासा.

तारीख_पे_लक्ष

तारखांचा प्रश्न सगळ्यांत घातक आहे, कारण खाली गेलेल्या तारखा निदान दिसतात. वर 'बरोबर' लागलेल्यांतच खोट असण्याची शक्यता जास्त.

कॉम्प्युटरची तारीख-पद्धत अमेरिकी असेल, म्हणजे महिना आधी, तर सीएसव्ही उघडताना ०५/०४/२०२४ ही ५ एप्रिलची तारीख ४ मे म्हणून वाचली जाते. १३/०४/२०२४ मध्ये तेरावा महिना नसल्यामुळे ती मजकूर म्हणून तशीच राहते. एक्सेलसाठी तारीख म्हणजे एक आकडा: ५ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८७, ४ मे म्हणजे ४५४१६. चढत्या क्रमात आकडे आधी आणि मजकूर नंतर लागतो, म्हणून १३ ते ३१ तारखेचे भरणे तळाशी जातात.

ओळखायचं कसं? सी कॉलमचं अलाइनमेंट काढून टाका. खऱ्या तारखा उजवीकडे टेकतात, मजकूर डावीकडे. फिल्टरचा ड्रॉपडाउन उघडला तर खऱ्या तारखा वर्ष-महिना अशा गटांत दिसतात आणि मजकूरवाल्या तळाशी सुट्या.

'टेक्स्ट टू कॉलम्स' वापरून तिसऱ्या पायरीवर दिवस-महिना-वर्ष निवडा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने मजकुराच्या तारखा सुधारतात, उलट वाचलेल्या मात्र तशाच राहतात, कारण त्या आधीच आकडे झालेल्या असतात. खरा उपाय म्हणजे विंडोजच्या रीजनमध्ये इंग्लिश (इंडिया) ठेवून मूळ सीएसव्ही पुन्हा उघडणे. मूळ फाइल हाताशी नसेल तर नव्या कॉलममध्ये हे:

=इफ(इझनंबर(सी२),डेट(इयर(सी२),डे(सी२),मंथ(सी२)),डेट(राइट(ट्रिम(सी२),४),मिड(ट्रिम(सी२),४,२),लेफ्ट(ट्रिम(सी२),२)))

आकडा असेल तर दिवस-महिन्याची अदलाबदल, मजकूर असेल तर तुकडे जोडून तारीख. सगळ्या तारखा एकाच वेळी, एकाच चुकीच्या पद्धतीने आल्या असतील तरच हे चालवा. मध्ये काही हाताने टाकलेल्या बरोबर तारखा असतील तर त्याही उलटतील. सीचा सेल रिकामा असलेल्या ओळीत एरर येईल, ती रिकामीच ठेवा.

बेरीज_वजाबाकी

सम फंक्शन फिल्टर बघतच नाही, लपलेल्या ओळीही धरतं. त्याऐवजी =सबटोटल(९,डी२:डी१६९) घाला. ९ आणि १०९ यांत गोंधळू नका. फिल्टरने लपलेल्या ओळी दोन्ही सोडतात. राइट क्लिक करून हाताने लपवलेल्या ओळी ९ धरतो, १०९ सोडतो. हे सूत्र यादीच्या तळाशी चिकटवून ठेवू नका, हेडरच्या वर ठेवा आणि मध्ये एक ओळ मोकळी सोडा. नाहीतर बेरजेची ओळच यादीचा भाग समजली जाऊन फिल्टरमध्ये सापडते.

बेरीज शून्य आली तर रकमा मजकूर आहेत. बँकेच्या वेबपेजवरून कॉपी केलेल्या रकमेमागे बऱ्याचदा न तुटणारी स्पेस असते, ती ट्रिमने जात नाही. =व्हॅल्यू(सबस्टिट्यूट(डी२,कॅर(१६०),"")) ने जाते.

शेरा भरायला पेस्ट वापरूच नका. फिल्टर लावा, ई कॉलममधले दिसणारे सेल निवडा, ऑल्ट आणि अर्धविराम दाबा (फक्त दिसणारे सेल निवडले जातात), 'नोटीस दिली' टाइप करून कंट्रोल+एंटर. प्रत्येक फ्लॅटचा शेरा वेगळा असेल तर दुसऱ्या शीटवर फ्लॅट क्रमांक आणि शेरा अशी यादी करून व्हीलुकअपने (फ्लॅट क्रमांक शोधून त्याच्या शेजारचा शेरा आणणारं सूत्र) ओढा, शेवटचा पर्याय फॉल्स ठेवून.

शीट_सामायिक

गूगल शीट्सवर टाकल्यावर साधा फिल्टर चालवू नका. एकाने लावला की चौघांच्याही पडद्यावर ओळी गायब होतात. डेटा मेनूतून 'फिल्टर व्ह्यू' करा, प्रत्येकाचा वेगळा, नाव देऊन. त्यातलं सॉर्टही इतरांना दिसत नाही. एक मात्र पक्कं लक्षात असू द्या: व्ह्यूमध्ये बसून सेलमधला मजकूर बदलला तर तो सगळ्यांसाठी बदलतो. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल (देशाप्रमाणे तारीख-आकड्यांची पद्धत) इंडिया करून घ्या, तारखांचा घोळ तिथेही तोच आहे.

थकबाकीदारांची यादी वेगळ्या टॅबवर आपोआप हवी असेल तर (पहिल्या टॅबचं नाव 'यादी' धरून):

=सॉर्ट(फिल्टर(यादी!ए२:जी१६९,यादी!एफ२:एफ१६९="बी",यादी!डी२:डी१६९>५०००),४,फॉल्स)

मोठी थकबाकी वर येते, मूळ यादीला धक्का लागत नाही. एकही थकबाकीदार नसेल तर एरर दिसतो, तो बिघाड नव्हे. हेच एक्सेल २०२१ किंवा ३६५ मध्ये हवं तर अटी स्वल्पविरामाने न देता कंसांत घालून गुणायच्या: (एफ...="बी")*(डी...>५०००), आणि शेवटी फॉल्सऐवजी -१.

हिशेब_तपासनीस

सांगाडा, तारखा, बेरीज जमली. दोन गोष्टी उरल्या. तळमजल्यावर 'दुकान-३' अशा नोंदी आहेत, त्यांना जी कॉलममध्ये एरर येतो. आणि नावांच्या फिल्टरमध्ये 'कऱ्हाडकर' दोनदा दिसतं, दिसायला अगदी सारखं.

तक्तेवाला

दुकानांसाठी जीमध्ये =इफएरर(व्हॅल्यू(मिड(ए२,३,४)),९०००+व्हॅल्यू(राइट(ए२,१))). एफमध्ये त्यांना 'द' येतं, ते कुठल्याच विंगमध्ये मिसळत नाही. दुकानं नऊपेक्षा जास्त असतील तर दुकान-०१ असं दोन अंकी लिहा आणि राइटमध्ये २ करा.

'कऱ्हाडकर' दोन्हीकडे =लेन() ने मोजा. एकात ८ येईल, दुसऱ्यात ९. ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: एकात टिंबवाला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. मोबाइलचा कीबोर्ड आणि कॉम्प्युटरचा कीबोर्ड वेगळा असला की हे होतं. ८ वाल्या सेलमधून 'ऱ्ह' कॉपी करा, ९ वाल्यातून दुसरा, आणि कंट्रोल+एचने पूर्ण बी कॉलममध्ये बदला. दोन्हींची लांबी ८ असूनही दोनदा दिसत असेल तर ८ अक्षरं एकेक करून जुळवा. लांबी ९ पण ऱ्ह सारखाच असेल तर शेवटी स्पेस राहिली आहे, ती ट्रिमने काढा.