बारा महिन्यांतले पाच पगार गाठीला

सी-७०३
सोसायटीतल्या सगळ्यांना नमस्कार. मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये दोघातिघांनी विचारलं, दुसरी गाडी का विकली, मोठा फ्लॅट सोडून लहान का घेतलात, सगळं ठीक आहे ना. काळजीपोटी विचारलंत, म्हणून इथे नीट सांगते. सगळं ठीक आहे. आम्ही दोघांनी वर्षभर ठरवून काटकसर केली आणि परवा हिशोब बंद केला. बारा महिन्यांत घरात जेवढा पगार आला, त्यातल्या पाच महिन्यांचा पगार शिल्लक आहे. रक्कम सांगत नाही. महिन्यांत मोजलं की ज्याला त्याला आपल्या घराला लावून बघता येतं.

सी-३०२
ताई, पाच महिने?? मी एकटा राहतो, तरी माझा पगार २५ तारखेच्या पुढे जात नाही. काय काय बंद केलंत?

सी-७०३
बंद कमीच केलं रे. आधी आमच्या शंभरातले ८ उरायचे, आता ४२ उरतात. वरचे ३४ कुठून आले ते वहीतून जसंच्या तसं उतरवते.

दुसरी गाडी गेली, तिचा हप्ता, विमा, इंधन, पार्किंग, सर्व्हिसिंग धरून ११.
लहान फ्लॅटमुळे भाड्यात ९.
कार्डाचं जुनं देणं वर्षाच्या सुरुवातीला फिटलं, तो हप्ता खर्चात मिसळू न देता बचतीकडे वळवला, ६.
बाहेरून जेवण मागवणं कमी झालं, ४.
ॲपच्या वर्गण्या आणि ऑनलाइन खरेदी, ३.
वीज, पाणी, गॅस, १.

शेवटची ओळ बघ. दिवे बंद कर, पंखा बंद कर म्हणून वर्षभर एकमेकांच्या मागे लागलो, त्याचा १. आणि पहिल्या तीन ओळींचे मिळून २६. ते तीन निर्णय एकेकदाच घ्यावे लागले. गाडी दिली त्या संध्याकाळी हे बराच वेळ खाली रिकाम्या पार्किंगपाशी उभे होते, मला वरून दिसत होतं. वाईट वाटलंच. पण ते त्या आठवड्यापुरतं. रोजच्या रोज मन मारून पाच पगार उरले असते असं मला वाटत नाही. दुसऱ्या महिन्यातच भांडलो असतो.

ए-१०१
हिशोब फार छान मांडलात. मी उभी नोकरी हिशोबाच्या खात्यात केली, म्हणून एक गोष्ट जोडतो. ताईंनी पाच पगार वाचवले असं आपण म्हणतो आहोत. पण आता त्यांचं वर्ष सात पगारांत भागतं. म्हणजे ते पाच पगार त्यांचं घर पाच महिने नाही, साडेआठ महिने चालवतील. आधीच्या शंभरात ८ च्या वेळी वर्षाची बचत जेमतेम एक महिना पुरली असती. काटकसरीचा फायदा असा दुहेरी असतो, शिल्लक वाढते आणि त्या शिलकीला पुरवायचा खर्चही घटतो. शंभरातले १० मागे टाकणाऱ्याला एका वर्षाचा घरखर्च साठवायला ९ वर्षं लागतात. २५ टाकणाऱ्याला ३. निम्मे टाकणाऱ्याला एकच. हे व्याज न धरता, साध्या भागाकाराने.

सी-३०२
काका, हे असं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. वही काढून बसतो आज.

ए-६०५
माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. मुलं एकदाच लहान असतात. वर्षभर सगळं आवरतं घ्यायचं, मग जगायचं कधी?

सी-७०३
दादा, राग कसला, हाच प्रश्न आमच्या घरातही आला होता. पहिल्या महिन्यात मी उत्साहाच्या भरात मुलीचा नृत्याचा क्लास बंद केला. ती काही बोलली नाही. आठ दिवसांनी पाहिलं तर क्लासच्या वेळेला खोलीचं दार लावून एकटीच सराव करत होती. मी दुसऱ्याच दिवशी फी भरून आले. त्या रात्री तिला समोर बसवून सगळा हिशोब दाखवला, किती येतात, कुठे जातात, आपण काय ठरवलंय. अकरा वर्षांच्या मुलीला पैशाचं काय सांगायचं म्हणून तोवर लपवत होतो. आता वहीतलं सुट्टीचं पान तीच भरते.

वहीत चारच रकाने आहेत. जपानमध्ये घरखर्चाची अशी वही ठेवायची पद्धत आहे, काकेइबो म्हणतात. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये ती सुरू केली. गरजेचं, हौसेचं, अचानक आलेलं, आणि चौथा रकाना पुस्तकं, नाटक, शिकणं यांचा. तो चौथा रकाना मला फार आवडला. मनाला लागणाऱ्या गोष्टींना त्यात स्वतःची जागा आहे, त्या हौसेत ढकलून कापल्या जात नाहीत. आमच्या त्या रकान्यातला खर्च वर्षभरात उलट वाढलाय.

ए-६०५
हे पटलं. क्लासचं वाचून गलबलून आलं.

बी-२०४
सगळ्यांचं वाचते आहे. लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. माझ्या घरात एकच पगार आहे. भाडं, किराणा, शाळा आणि आईची औषधं यांतच शंभरातले नव्वद जातात. विकायला दुसरी गाडी नाही. आहे ते घर याहून लहान होणार नाही. अशा पोस्ट वाचल्या की वाटतं, आपणच कुठेतरी कमी पडतोय.

सी-७०३
ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मी पोस्ट टाकताना हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आमच्याकडे दोन पगार होते आणि कापता येईल असं काहीतरी होतं, म्हणून पाच उरले. तुम्ही कुठेही कमी पडत नाही आहात.

बी-५०१
मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणून सांगते ताई. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच कुटुंबांचे हिशोब तपासून दाखवलं होतं की उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला अन्नावर जाणारा वाटा मोठा. म्हणजे कापायला जागाच कमी. हा नियम आजही शिकवतात. तेव्हा कमी बचत म्हणजे शिस्तीचा अभाव, असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

बी-२०४
बरं वाटलं वाचून. मग माझंही सांगते, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं. दरवर्षी शाळेची फी आणि विम्याचा हप्ता एकाच महिन्यात यायचे आणि मी कर्ज काढायची. ते फिटेपर्यंत पुढची फी उभी. दोन वर्षांपूर्वी वर्षातून एकदाच येणाऱ्या सगळ्या खर्चांची यादी केली, बेरजेला १२ ने भागलं आणि तेवढे पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायला लागले. त्या खात्याचं कार्डच घेतलं नाही. पहिलं वर्ष ओढाताणीचं गेलं. यंदा कर्ज काढलं नाही. अर्ध्या पगाराएवढी रक्कम शिल्लकही आहे.

ए-१०१
ताई, हे आमच्या सगळ्यांच्या वरचं आहे. नव्वद अटळ असताना अर्धा पगार उरवणं मी नोकरीत फार थोड्या लोकांना जमलेलं पाहिलं. आणि कर्जाचं व्याज वाचलं ते वेगळंच. तरुण मंडळींसाठी लिहितो: कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागत असेल तर ते वर्षाला ४२ होत नाही, व्याजावर व्याज चढून ५१ टक्क्यांच्या वर जातं. असं देणं अंगावर असताना बचत सुरू करू नका, आधी ते फेडा.

सी-३०२
काका, माझं आहे थोडं. फार मोठं नाही, पण दर महिन्याला किमान रक्कम भरून पुढे ढकलतोय. या महिन्यापासून तेच आधी. आणि पुढच्या महिन्यात पगारवाढ आहे, तीही त्यातच घालतो.

बी-५०१
पगारवाढीचं आत्ताच ठरवून टाक, हातात येण्याआधी. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांनी कर्मचाऱ्यांसाठी अशीच एक योजना तयार केली होती. आजच्या पगारातून काही द्यायचं नाही, पुढच्या प्रत्येक वाढीतला वाटा आपोआप बचतीत जाईल एवढंच आज मान्य करायचं. पहिल्यांदा जिथे राबवली, तिथे सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. २००४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. थेलर यांना पुढे २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हातात आलेले पैसे सोडवत नाहीत, अजून न आलेले सोडणं सोपं जातं.

ए-१०१
आणि एकदा हातात आले की ते जातातच. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकांनी १९६० मध्ये लिहून ठेवलंय, खर्च वाढत वाढत उत्पन्नाला गाठतो. त्यांचा मुख्य रोख सरकारी खर्चावर होता, पण मी ते घराघरांत पाहिलंय. म्हणून उरलं तर टाकू असं कधी म्हणू नये. पगाराच्या दिवशी बचत आधी बाहेर काढावी, उरलेल्यात घर बसवावं.

सी-७०३
आम्ही तेच केलं काका. पगार जमा होतो त्याच सकाळी रक्कम दुसऱ्या बँकेत आपोआप जाते. सुरुवातीला कमी, मग वाढवत नेली, शेवटी शंभरातले ५० च्या आसपास. एकदम उडी मारली नाही.

सी-३०२
आणि ऑनलाइन खरेदीचं काय केलंत? माझा तिथेच घात होतो. रात्री झोप येत नाही आणि काहीतरी मागवलं जातं.

सी-७०३
फोनमधून कार्डाचा नंबर काढून टाकला, दर वेळी उठून पर्स शोधायची आणि सोळा आकडे टाकायचे. आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. घ्यावंसं वाटलं की त्यावर नाव आणि तारीख लिहायची, ३० दिवस थांबायचं. वर्षभरात ४१ गोष्टी लिहिल्या गेल्या. त्यातल्या १२ घेतल्या, आणि त्या बाराही रोज वापरात आहेत. बाकीच्यांवर रेघ मारली. सहा नोंदी तर अशा होत्या की त्या कोणत्या वस्तूबद्दल लिहिल्या होत्या हेच आम्हाला दोघांना आठवेना.

एक चूकही सांगते, तुमच्यापैकी कुणी करू नये म्हणून. माझ्या दाढेत थंड लागलं की कळ यायची. वर्ष संपल्यावर बघू म्हणून गोळ्या घेऊन पाच महिने काढले. तेव्हाच गेले असते तर नुसतं दात भरण्यावर भागलं असतं. शेवटी एका रात्री गाल सुजला, सकाळी दवाखाना गाठला, मुळापर्यंत गेलं होतं. रूट कॅनॉल, वर कॅप. बाहेरचं जेवण कमी करून तीन महिन्यांत जे वाचवलं होतं ते त्या दोन आठवड्यांत गेलं, आणि दुखणं सोसलं ते निराळं. तब्येतीत काटकसर नाही, हे त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं.

त्याच्याखाली आणखी एक ओळ आहे. आपल्याकडे कामाला येणाऱ्यांच्या पैशात काटकसर नाही. घरकामाच्या मावशींचा पगार कमी करायचा किंवा वाढ पुढे ढकलायची, हा विचार माझ्या मनात आला होता, खोटं कशाला बोलू. हे म्हणाले, मग ती बचत आपली कशी, ती त्यांची. विषय तिथेच संपला. त्यांची वाढ वेळेवर दिली.

बी-२०४
हे लिहिलंत म्हणून तुमच्याबद्दलचा आदर वाढला ताई.

ए-६०५
मला एक सुचतंय. वॉशिंग मशीन बंद पडलं तेव्हा मी नवीनच घेणार होतो. बायको म्हणाली, आधी कुणाला तरी दाखवू. पाणी उपसणारा पंप गेला होता, तेवढाच बदलला. मशीन दोन वर्षं झाली, चालू आहे. अशी खात्रीची दुरुस्ती करणारी माणसं ज्यांना ज्यांना माहीत आहेत त्यांनी एकत्र यादी केली तर?

बी-५०१
आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूंची पण. आमच्या मजल्यावर चार घरं आणि चारही घरांत ड्रिल मशीन आहे. माझं मी गेल्या वर्षभरात दोन भोकांसाठी बाहेर काढलं.

ॲडमिन
चांगली कल्पना आहे. क्लब हाउसमधलं रिकामं कपाट यासाठी देता येईल, चावी सुरक्षारक्षकांकडे, नेणाऱ्याने वहीत फ्लॅट नंबर आणि तारीख लिहायची. ज्यांना वस्तू द्यायच्या आहेत त्यांनी इथेच नोंदवा. मुलांना लहान झालेले गणवेश आणि मागच्या इयत्तेची पुस्तकंही चालतील.

बी-५०१
ड्रिल मशीन, बिट्सच्या डब्यासकट.

ए-१०१
सहा पायऱ्यांची शिडी. आता मला चढू देत नाहीत.

सी-७०३
दोन मोठ्या सुटकेस. आणि मुलीची लहान सायकल, हवा भरून देते.

बी-२०४
सायकल माझ्या मुलाला चालेल. शिलाई मशीन आहे माझ्याकडे, पण ते कपाटात मावणार नाही. कुणाचं काही उसवलं असेल, चेन बदलायची असेल तर रविवारी दुपारी घेऊन या.

सी-३०२
माझ्याकडे द्यायला वस्तू अशी काही नाही. वस्तूंची यादी मी बनवतो, कपाटही मीच लावतो. काका, रविवारी संध्याकाळी वही घेऊन येऊ का तुमच्याकडे?

ए-१०१
ये. बारा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट छापून आण आणि दोन रंगांची पेनं.