मदत हवी आहे : पूर-अंदाजाच्या संशोधनासाठी रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) की जलविज्ञान?

नमस्कार मंडळी. मी शिरोळ तालुक्यातली, यंदा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी आलं. तेव्हा कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी (४३ फूट म्हणजे धोका) सगळ्यांना तोंडपाठ होती, पण ते पाणी आपल्या गल्लीत कधी येणार हे सांगणारं कोणी नव्हतं. मला त्याच प्रश्नावर काम करायचंय.

प्रोजेक्टसाठी सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहांची रडार चित्रं वापरतेय. रडार ढगांतूनही बघतं, म्हणून भर पावसात उपयोगी. उघडं पाणी त्यात काळं दिसतं, ते सहज ओळखू येतं. पण आमच्याकडे सगळा ऊस! उसात शिरलेलं पाणी नेहमीच्या थ्रेशोल्डमध्ये (ठरावीक मर्यादेपेक्षा काळं ते पाणी, या नियमात) सापडत नाही, आणि नेमकं तेच क्षेत्र नकाशावर कोरडं राहतं. शिवाय एक उपग्रह त्याच कक्षेतून १२ दिवसांनी परत येतो, तोवर पूर ओसरलेला असतो. त्यामुळे नुसत्या चित्रांवर अंदाज बांधता येणार नाही, नदीचं मॉडेल (पाणी कधी, कुठवर पोचेल याचं गणित) शिकावंच लागेल असं माझं मत होत चाललंय.

आता पुढं काय करू? डेहराडूनच्या आयआयआरएसमध्ये (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग) एम.टेक., आयआयटी मुंबईत रिमोट सेन्सिंग, की रुरकीला जलविज्ञान? एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत पेपर सिव्हिलचा द्यावा की जिओमॅटिक्सचा (सर्वेक्षण-नकाशांचं शास्त्र)? पुढं पीएच.डी. करायची हे नक्की आहे.

या वाटेनं गेलेल्या ताई-दादांनी आपला अनुभव जरूर सांगा. उसातल्या पाण्यावर कोणी काम केलं असेल तर फारच बरं होईल.